आईची शेवटची भाजी

गॅसवाल्या बसचं कौतुक मला नका सांगू, भिया. आई गेली, तरी तिने केलेली शेवटची गिलकीची भाजी बाबा फ्रिजमधून काढू देईनात. वास सुटला, तेव्हा मी समजावलं, "बाबा, गीला कचरा प्लांटमध्ये जातो, त्याचा गॅस होतो, त्यावर सिटी बस चालते. वाया नाही जाणार." मग त्यांनी स्वतः डबा कचरागाडीत रिकामा केला.

तेव्हापासून बाबा रोज स्टॉपवर जातात. ड्रायव्हरला विचारतात, "ये गैस वाली है ना, भिया?" आणि मगच चढतात. शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत येतात.

काल ते आले आणि मी चिडून बोलून गेलो, "त्या भाजीचा गॅस कधीच जळून गेला, बाबा!"

बाबा चपला काढत म्हणाले, "तरीच. एवढी गर्दी होती, पण आज बस रिकामी वाटली."