चंद्रीचा पान्हा

हसू नका, पण पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी हातकणंगल्याला होते, तेव्हा मला दूधच येईना. बाळ रडून रडून दमायचं आणि मी, बी.एस्सी. झालेली बाई, नुसती घाबरायची. तिकडं सासरी, शिवाजी पेठेत, फक्त मलाच धार काढू देणारी आमची म्हैस चंद्रीही आटली होती.

एका दुपारी मला अचानक पान्हा फुटला. बाळ प्यायला लागलं, तोच सासूबाईंचा फोन. बाळाला तसंच धरून घेतला.

"सुमन, चंद्रीच्या सडातनं आपोआप धार लागलीया! पण रेडकाला जवळ येऊ देईना, लाथा मारतीया. बाळाला पाजतीयास व्हय तू?"

मी खाली बाळाकडं बघितलं. तेवढ्यात पोट भरलेल्या बाळानं तोंड बाजूला केलं.

फोनमधून सासूबाई ओरडल्या, "आता लागलं की गं रेडकू प्यायला!"