गुरुजींचा आवाज बसला तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष रावजीअण्णा, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती शिवदास गुरुजी, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. गोदूताई, रेवदंड्याचे ग्रामस्थ आणि खिडक्यांत चढून बसलेल्या माझ्या मुलांनो,

मुख्याध्यापिका म्हणून निरोपाचे चार शब्द बोलणं माझ्याकडे आलं आहे. पण गुरुजींविषयी बोलायचं आणि त्यांच्या आवाजाविषयी नाही, हे कसं जमावं? आपली शाळा बंदराला लागून. बाहेर मासळीचा लिलाव, आत गुरुजींचा शरीरशास्त्राचा तास. एकदा मनुबाई टोपलीसकट वर्गाच्या दारात उभी राहिली. "मास्तर, जरा दमानं शिकवा. आमचा भाव कुनाला आयकू येत न्हाय!" गुरुजींनी मान डोलावली आणि हृदयाचे कप्पे आणखी चढ्या आवाजात शिकवले.

असा आवाज कुठवर टिकणार? सत्तावन्न साली तो बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. शेवटी अलिबागच्या डॉक्टरांनी घशात इवलासा आरसा धरून पाहिलं. म्हणाले, "स्वरयंत्राच्या पडद्यांवर गाठी आल्यात. मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

गुरुजी इतके धास्तावले, की खोकायचेसुद्धा परवानगी विचारल्यासारखे.

त्यातच डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले. मला म्हणाले, "बाई, मुका शिक्षक कसा चालेल? बिनपगारी रजेवर पाठवा. आवाज आला तर बघू." गुरुजींचा चेहरा उतरला. पण त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'साहेब, एक तास बसावे.'

साहेब बसले. गुरुजींनी स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवली, मुलांनीही ठेवली. फळ्यावर आलं, 'सापासारखे करा.' वर्गभर "स्स्स". गळा गप्प. मग, 'भुंग्यासारखे करा.' "झ्झ्झ!" गळा थरथरला. फुप्फुसातला वारा पडद्यांना हलवतो तेव्हा आवाज होतो, आणि जीभ, ओठ नि नाक त्याचे शब्द करतात, हे मुलांना बोटांनी कळलं. शेवटी गुरुजींनी स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि लिहिलं, 'म्हणा, मामा.' मुलांनी नाकं दाबली. पहिल्या बाकावरची काशी ओरडली, "अगं बाई! गुरुजी, माझा मामा बाबा झाला!"

वर्ग खो खो हसू लागला. साहेब गंभीरच होते. पण थोड्या वेळाने ते हळूच उठले, खिडकीकडे तोंड केलं, आणि आम्हां सर्वांना स्पष्ट ऐकू आलं, "दबस्कार! दबस्कार!" बाहेरून मनुबाईनं विचारलं, "सायबांना पडसं झालंय का वो?"

साहेब हसत वळले. "रजेचं राहू द्या, बाई. हे बोलू लागले तर उलट वर्ग बिघडेल!"

अध्यक्षमहाशय, वेळ झाली हे मला दिसतं आहे, पण एवढं सांगू द्या. डॉक्टरांनी मोकळीक दिली, त्या संध्याकाळी मी गोदूताईंच्या ओटीवर बसले होते. गुरुजी अलिबागहून परतले. उंबऱ्यात थांबले, घसा खाकरायलाही घाबरले, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "गोदू."

आतून गोदूताई म्हणाल्या, "पद्माबाई, कोण आलंय हो? किती हळू बोलतोय बिचारा! त्याला सांगा, हे घरी नाहीत."

गुरुजींनी पुन्हा हाक मारली. ताई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. क्षणभर बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "असं नाव घेतात का चारचौघांत?" आणि पदर डोळ्यांकडे गेला. खाली बघू नका, ताई. सगळ्या गावाला ठाऊक आहे!

गुरुजी, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. अध्यक्षांनी घड्याळाकडे आणि आपण सर्वांनी माझ्याकडे दयाबुद्धीनं पाहिलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वावगा गेला असेल, तर पोटात घाला. नमस्कार.