एकशे बारा सह्यांतली पहिली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या एकजूट फुटबॉल क्लबचे आधारस्तंभ आदरणीय आबाजी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळे ज्यांची खुर्ची अजून रिकामी आहे ते आपले प्रमुख पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले प्रशिक्षक शेखर सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. जयमालावहिनी, कप्तान नवनाथ आणि त्याचे सगळे खेळाडू, आणि या हंगामात माझ्याबरोबर मैदानाच्या कडेला उन्हात उभं राहून ज्यांनी घसे फोडून घेतले ते माझे पाठीराखे बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मघाशी सेक्रेटरी कानात म्हणाले, "भिमाजी, पाठीराख्यांच्या वतीनं दोन शब्द बोला. पण गोड बोला." आता एकतीस वर्षं कंपनीत क्वालिटीला काढलेला माणूस मी. दिवसभर मालात खोट शोधायची आणि नको म्हणायचं, यावर संसार केला. गोड बोलणं जमेल तेवढं बोलतो.

शेखर सर चौदा वर्षांपूर्वी कोल्हापूरहून इथं आयटीआयमध्ये शिकवायला आले. त्या काळात महाळुंग्यात फुटबॉल म्हणजे गणपतीच्या सुट्टीत लाथाडायची गोष्ट होती. आबाजींच्या मोकळ्या रानात सरांनी स्वतः चुन्याची फक्की मारून मैदान आखलं. कंपन्यांच्या गेटवर जाऊन पोरं गोळा केली. कुणी हिंगोलीचा, कुणी बार्शीचा, कुणी चिपळूणचा. आम्ही कामगार आणि आबाजींचं गाव रविवारी एका दोरीमागं उभे राहायला लागलो, ते सरांमुळं. सहा वर्षांत संघ लीगच्या पहिल्या विभागात गेला. त्या दिवशी आबाजींनी मला मिठी मारून "भिमाजी, आता तू आमच्यातलाच हाय," असं म्हटलं होतं. आबाजी, आठवतंय ना? आठवतंय म्हणतायत.

आणि मग आला हा हंगाम.

मंडळी, याला हंगाम म्हणायचं का? दुसऱ्याच आठवड्यात आपण गतविजेत्यांना तीन-एकनं लोळवलं. अजिंक्यनं दोन गोल मारले. मी घरी जाऊन मंडळींना म्हटलं, यंदा चषक आपलाच. पुढच्या रविवारी तळाच्या संघाकडून चार गोल खाल्ले, आपला एकही नाही. त्या दिवशी अजिंक्य बाकावर बसून होता. परत जिंकलो, परत हरलो. सोळा सामन्यांत आपण सलग दोन कधी जिंकलो नाही. एकदाही नाही! हरणारा संघ परवडतो हो, माणूस आशा सोडून घरी झोपतो. हा संघ झोपूही देत नव्हता. दर पंधरवड्याला आशा लावायचा आणि पुढच्या रविवारी तोंडघशी पाडायचा.

आम्ही सरांना विचारायचो, अजिंक्यला का बसवलं? मागच्या रविवारी जिंकलेला संघ का बदलला? सर एकच सांगायचे, "तो माझा निर्णय आहे." दुसरा शब्द नाही. चिडायचेही नाहीत. मला वाटायचं, एवढा कसला ताठा?

चौदावा सामना हरल्यावर एक पत्र फिरलं, हे सभागृहात पुष्कळांना ठाऊक आहे. प्रशिक्षकांनी संघाचा खेळखंडोबा केला आहे, त्यांना तात्काळ दूर करावं, अशी मागणी होती. एकशे बारा सह्या होत्या. सरांनी त्या वाचल्या नाहीत. कमिटीत ते म्हणाले होते, "कुणी सह्या केल्या ते मला बघायचं नाही. उद्या याच लोकांत मला चहा प्यायचाय." पत्राला हात न लावता त्यांनी राजीनामा दिला.

सर, ते पत्र मी लिहिलं. 'खेळखंडोबा' हा शब्द माझा. पहिली सही माझी.

थांबा, सेक्रेटरीसाहेब, बोलू द्या. गोड भाग झाला माझा.

त्या सह्या मी पाच दिवस फिरून घेतल्या. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत राहायला गेलेल्या जुन्या लोकांच्या घरी लिफ्टनं चढून गेलो. शेवटी वाटलं, कप्तानाची सही मिळाली तर पत्राला वजन येईल. म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला नवनाथच्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. फर्स्ट शिफ्ट सुटत होती. नवनाथ बाहेर आला, पत्र वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं.

"काका, मी नाही करणार सही."

"का रे? तुला संघ बुडालेला चालतो?"

"काका, अजिंक्य कोणकोणत्या रविवारी बाहेर बसला ते आठवा. आणि मग त्याची थर्ड शिफ्ट कोणत्या आठवड्यात होती ते त्याला विचारा."

मंडळी, आपल्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. लीगचे सामने रविवारी सकाळी साडेआठला. म्हणजे थर्ड शिफ्टवाला पोरगा रात्रभर मशिनवर उभा राहून सातला सुटतो आणि साडेआठला मैदानात येतो. प्रत्येकाची कंपनी वेगळी, शिफ्टचं चक्र वेगळं. सरांचा नियम एकच होता. रात्रपाळी करून आलेला खेळणार नाही, मग तो कितीही मोठा खेळाडू असो. ज्या रविवारी चांगली पोरं दिवसपाळीची, त्या रविवारी आपण जिंकलो. बाकीच्या रविवारी हरलो. आपल्या लहरी संघाचं एवढंच गुपित होतं.

मी म्हटलं, "मग सर तसं बोलून का दाखवत नाहीत?"

"कुणापुढं बोलणार? आम्ही सगळे कॉन्ट्रॅक्टवर. पोरगं मॅच खेळून येतं आणि कामावर पेंगतं, एवढं सुपरवायझरच्या कानावर गेलं की दुसऱ्या दिवशी गेटवर आमचं कार्ड चालत नाही. म्हणून सर आमच्या वाटच्या शिव्या स्वतः खातात."

मग त्यानं डावा हात पुढं केला. नवनाथची दोन बोटं प्रेस मशिनमध्ये गेली, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. पण ती कोणत्या दिवशी गेली, हे कुणी त्याला विचारलं होतं? मीही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "आठ वर्षं झाली. थर्ड करून आलो, मॅच खेळलो, जिंकलो. तुम्हीच मला खांद्यावर घेतलं होतं, काका. दोन तास झोपलो आणि सेकंडला ओव्हरटाइमला गेलो. उभ्या उभ्या डोळा लागला. सर दवाखान्यात आले, माझ्या कॉटजवळ खाली फरशीवर बसले. तेव्हापासून हा नियम आहे."

आता तुम्ही म्हणाल, भिमाजीनं तिथंच पत्र फाडलं असेल.

नाही फाडलं.

मी बसस्टॉपवर अर्धा तास बसलो. क्वालिटीत आम्हाला शिकवलं होतं, खोट दिसली तर आधी कारण शोधा, मग माल नाकारा. इथं तर कारण माझ्या हातात दिलेलं होतं. पण एकशे दहा लोकांच्या दारात मी जाऊन आलो होतो. आता त्यांना काय तोंडानं सांगायचं की माझंच चुकलं? आणि खरं सांगू? आपण दुसऱ्या विभागात जाणार, ही कल्पना मला सहन होत नव्हती. मला वाटलं, नियम चांगला आहे, पण दोनच सामने उरलेत. दोन रविवार तरी पोरांना खेळू द्यावं. माझ्याच मुलाची गोष्ट असती तर असं वाटलं असतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

एक सही कुणाची तरी मिळवली, एकशे बारा केल्या, आणि संध्याकाळी पत्र आबाजींच्या घरी दिलं. आबाजी म्हणाले, "सर लाख मोलाचा माणूस हाय. पर खाली गेलो तर पोरं टिकायची न्हाईत. तुमा लोकांचंच म्हणणं असंल, तर आमी काय बोलावं?" आबाजी, तुम्हाला दोष देत नाही. नवनाथनं सांगितलेलं मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

पंधरावा सामना सरांनी बरोबरीत सोडवला. शुक्रवारी त्यांचा राजीनामा मंजूर झाला, आणि रविवारी शेवटचा सामना. जिंकलो तर पहिल्या विभागात राहणार होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच आपले सगळे चांगले अकरा जण एका वेळी मैदानात उतरले. नवनाथनं विरोध केला, पण कमिटीपुढं त्याचं चाललं नाही. अकरातले पाच जण थर्ड शिफ्ट करून आले होते. अजिंक्य त्यातलाच.

पहिला अर्धा तास तुम्ही पाहिलात. काय खेळली पोरं! दोन-शून्य. मी नाचलो. साठीच्या माणसानं शर्ट काढून गरागरा फिरवला, त्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असेल. कृपा करून पुसून टाका.

मध्यंतरानंतर पाय जड झाले. दोन-दोन बरोबरी झाली. मग अजिंक्य चेंडू घेऊन वळला. जवळपास कुणी नव्हतं, कुणी धक्काही दिला नाही. नुसता वळला आणि खाली बसला. त्याची ती किंकाळी माझ्या कानातून अजून जात नाही.

सर कुंपणाच्या बाहेर उभे राहून सामना बघत होते, हे मला तेव्हा कळलं. ते पळत आत आले. गुडघ्याकडं बघायच्या आधी त्यांनी अजिंक्यला विचारलं, "कुठल्या शिफ्टला होतास?" तो म्हणाला, "थर्ड, सर." त्यांनी त्याला स्वतःच्या गाडीत घातलं. मागच्या सीटवर अजिंक्यचा पाय मांडीवर धरून मी बसलो होतो. दवाखान्यात आम्ही दोघं तीन तास एका बाकावर होतो. सर, तुम्ही माझ्यासाठी चहा आणलात. तुम्ही म्हणालात, "भिमाजी, बरं झालं तुम्ही सोबत आलात." तेव्हा सांगायला हवं होतं. मी चहा प्यालो.

चार-दोननं हरलो. खाली गेलो.

आज अजिंक्य या सभागृहात नाही. तो बार्शीला आहे. कंत्राटदारानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल नीट, पण खेळाचं विसरा. वय वर्षं तेवीस. आणखी सहा पोरांनी क्लब सोडला. मैदानाच्या अर्ध्या भागावर गोडाऊनचे खांब उभे राहिलेत, येताना तुम्ही बघितलेच असतील. पुढच्या वर्षी आपला संघ उतरेल का? मघाशी दोघा-तिघांनी भाषणात उतरेल म्हणून सांगितलं, तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. मला तसं वाटत नाही. सर गेल्यावर रविवारी सकाळी सातला गेटागेटावर जाऊन, कोण रात्री झोपलंय आणि कोण जागलंय, हे बघणार कोण?

संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आबाजींनी मध्ये थांबवलं नाही, आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. वेळ जास्त घेतला, शब्द कमीजास्त गेले, निरोपाच्या दिवशी बोलू नये ते बोललो, ते सभागृहानं पोटात घालावं.

सर, त्या पत्राची माफी मात्र मी इथं मागत नाही. चारचौघांत मागितली तर तुमच्यासारख्या माणसाला 'असू द्या' म्हणावंच लागेल, आणि वर गळ्यात हार घालून आम्ही फोटो काढू. तुमचा टेम्पो उद्या सकाळी आठला निघणार, असं वहिनी म्हणाल्या. मी सातला घरी येतो. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, मी खोकी उचलीन.