करपलेल्या भाजीची कीर्ती

आदरणीय अध्यक्षमहाशय, ‘जुन्या वस्तीची खाद्यवाट’ या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीनिमित्त आज ज्यांचा सत्कार होतो आहे ते लेखकसाहेब, सुशोभन समितीचे सभासद आणि गल्लीतल्या मंडळींनो,

मी बोलणारा माणूस नाही. आमच्या खानावळीत बोलायचं काम दादाचं. तो गेल्या महिन्यात गेला, म्हणून हे दोन शब्द माझ्याकडे आले.

लेखकसाहेबांचे वस्तीवर फार उपकार आहेत. आपली गल्ली रंगीबेरंगी आहे हे आपल्याला त्यांच्यामुळे कळलं. त्याआधी ती नुसतीच जुनी होती. ते पाहणीला येणार म्हणून समितीने दारं रंगवून घेतली. पुस्तकात त्यांना ‘पिढ्यान्‌पिढ्यांचे रंग’ म्हटलं आहे. त्यातली एक पिढी साहेबांच्या बाहीला लागलीही होती.

आमचं दार जांभळं करायला घेतलं, तेव्हा दादा रंगाऱ्याशी वाद घालायला बाहेर गेला आणि इकडे भाजी खाली लागली. तेवढ्यात साहेब येऊन बसले. दादा म्हणाला, “साहेब, भाजी करपलीय. थांबा, दुसरी टाकतो.”

साहेब चाखून म्हणाले, “छे, हीच तर इथली खरी चव.”

छापून आलं, ‘धुरकट भाजी, घराण्याचं गुपित’. असलं गुपित वडिलांनी केलं असतं, तर आईने पातेल्यासकट बाहेर काढलं असतं.

मग लोक पुस्तक हातात धरून येऊ लागले. दादाने चांगली भाजी वाढली, तर त्यांनी तक्रार केली. समितीची मंडळी समजवायला आली, वस्तीच्या नावाचा प्रश्न आहे म्हणाली. दादा भिडस्त. तेव्हापासून तो रोज पातेल्याशी उभा राहून भाजी करपायची वाट बघायचा. तो आचारी होता हो. ते त्याला कसं जमत असेल?

दवाखान्यात एकदा म्हणाला, “लोक नावाजून गेले रे, पण एकालाही मी नीट जेवू घातलं नाही.”

समितीने शोकठराव केला, त्याबद्दल ऋणी आहे. त्याच ठरावात पुढे, चव बदलू नये, अशी विनंती आहे. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, धीर धरा म्हणाले, आणि गॅस मोठाच ठेवा म्हणाले.

उद्यापासून खानावळ उघडतो आहे. भाजी करपणार नाही. पुढच्या आवृत्तीतून आमचं नाव गेलं, तर साहेबांवर राग नाही.

माझं एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. भाजीत झालं, तर मात्र तोंडावर सांगा.