चाचणीपुरतं लावलेलं कार्ड

हात नका लावू म्हटलं ना एकदा. चालू आहे ते. तुम्हीच म्हणालात — अर्धा तास पूर्ण लोड देऊन चालवून बघतो, मगच भावाचं बोलू — मग बसा आता अर्धा तास. कॉम्प्युटरमधलं माझं नवीन ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं, हे जुनं परत बसवलं, दुपारचं काम बंद पाडून, आणि हे सगळं कोणासाठी, तर तुमच्यासाठी. नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. तिकडे बसा. आणि ते स्टूलही नको. ते — राहू दे ते तिथेच.

जुनं भारी कार्ड घ्यावं की नवं स्वस्तातलं — कुठेतरी फोनवर वाचलंत आणि मला शिकवायला आलात. सहा वर्षं ह्याच्यावर पोट भरलंय मी. बिल्डरांसाठी घरांची चित्रं करते — घर बांधून व्हायच्या आधी ते आतून कसं दिसेल, ओटा कुठे, खिडकीतून ऊन कुठवर येईल. एकेका चित्रापायी हे तासन्‌तास राबलंय आणि एकदाही अडलं नाही. मेमरी बघा ह्याची — तुमच्या त्या नव्या स्वस्तातल्याला निम्मी तरी आहे का? नाही ना? पण तुम्हाला काय दिसलं, तर कडेचा ओरखडा. ओरखड्याने चित्र बिघडतं का? जावयासारखं बघणं चाललंय तुमचं, आल्यापासून नुसती नावं ठेवताय.

मग विकता कशाला, म्हणे. वाटलंच होतं, हे येणार. विकते, कारण वीज खातं, आवाज करतं आणि तापतं. बघा, लपवलं नाही काही. बिल्डरशी बोलायला बसलं की मागे ही घरघर — तो विचारतो, बाई, गिरणीत बसून काम करता का? नवं कसं, गुपचूप असतं, चालू आहे की बंद तेही कळत नाही. हे चालू असलं की थंडीतसुद्धा खिडकी उघडून बसायचे मी. घ्यायचं तर हे सगळं धरून घ्या, नाहीतर — काय? खोकलं कोण?

सासूबाई. पलीकडच्या खोलीत आहेत. घाबरू नका, बाहेर नाही येत त्या. नवं कार्ड आलं त्याला पंधरा-वीस दिवस झाले, तेव्हापासून दोन पांघरुणं घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात. माझ्याशी बोलणं बंद. संध्याकाळी मोठे दीर येतायत न्यायला, कायमचं. ती काय, दाराशी बॅग भरून ठेवलीय. मी तर म्हणते, सुंठीवाचून खोकला गेला. तिकडे गॅलरी बंद करून केलेली खोली देणार आहेत त्यांना, तीन बाजूंना खिडक्या, वारा नुसता शीळ घालतो. जाऊबाई म्हणतात, हवेशीर आहे. असेल. माझं काय जातंय? तुम्ही तुमचे तापमानाचे आकडे बघा. चढतायत? चढणारच, लोड कोणी द्यायला लावला?

आधी त्यांचं असं होतं — दुपारची जेवणं झाली की त्या स्टुलावर येऊन बसायच्या, ह्या सीपीयूला गुडघे टेकवून, बरोबर माझ्या पाठीशी. बसायचं ते बसायचं, वर माझ्या चित्रात खोट काढायची. 'अगं, ह्या घरात कोणी राहतं की नाही? दाराशी एक चप्पल नाही.' 'त्या फळीवरचा डबा कोण काढणार, तुझा बिल्डर?' कटकट थांबावी म्हणून मी फळी खाली आणायचे. बिल्डरला आवडायचं, ते सोडा. मला काय वाटायचं — पहारा आहे. सून काम करते की टिवल्याबावल्या, ते बघायला बसतात. आणि नवं आलं त्या दिवशी काय केलं माहितीय? आल्या, सीपीयूवर तळहात ठेवला, ठेवून तशाच उभ्या राहिल्या, आणि निघून गेल्या. परत फिरकल्या नाहीत. म्हटलं झालं, सुनेने स्वतःच्या कमाईचं आणलं, लागलं डोळ्यांत सलायला. नवरा म्हणतो, विचार ना त्यांना. मी म्हटलं, मी का विचारू? तुमची आई, तुम्ही विचारा. ह्यांनी विचारलं, तर म्हणाल्या, मला मोठ्याकडे पोचव. ह्यांनीही लगेच फोन लावला. मी नाही थांबवलं. मला काय वाटलं असेल ते कोणी विचारलं का? नाही ना. मग.

वाढला बघा पंख्याचा आवाज. गरम होतंय? मग काढा स्वेटर, सांगितलं होतं मी. आणि हे काय, इतक्यात भाव पाडायला लागलात? अर्धा तास तरी होऊ द्या. वॉरंटी संपलीय, हो, संपलीय. माणसाला कुठे वॉरंटी असते, तरी आपण — थांबा.

आई? काय झालं, काही हवंय का? उठलात कशाला, पडाल — अहो, बघत काय बसलात, पाय घ्या आत, येऊ द्या त्यांना. स्टूल ओढतायत, द्या ना हाताशी. भिंत धरा, आई. हळू. नाही, हे — हे चाचणीपुरतं लावलंय. हे विकायला काढलं — टेका, टेका गुडघे. हो, तेच आहे ते. जुनंच.

अगं बाई.

तोंडाने सांगता येत नव्हतं का, आई? थंडी वाजते, एवढंच म्हणायचं. दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होता आणि मी इकडे काय काय मनात आणलं. मला तरी कुठे विचारता आलं, तेही आहेच. नका, काही बोलू नका आता. बसा.

तुम्ही अजून इथेच? झाला का अर्धा तास? नाही? राहू दे मग. उठा. नाही विकायचं. वाढवून देत असाल तरी नाही. दोन्ही लावीन, जागा आहे आत, आवाज होईल तर होऊ दे, बिल्डरला म्हणावं गिरणी तर गिरणी. आणि काय वाचलं होतंत तुम्ही फोनवर — वीज खातं, तापतं, असलं जुनं घेऊ नये? बरोबर लिहिलंय त्याने. नका घेऊ. जाताना दाराशी ती बॅग पायात येईल, जरा आत सरकवून ठेवा. आणि दार नीट ओढून घ्या, गार वारा येतो.