गोंदण पुसणारी मशीन

तुमीच सांगा, गोंदण म्हंजे डाग असते का? जावयानं रिळाच्या कॅमेऱ्यात माहा अन् बुढीचा फोटो काढला. डबीवर लिवलं होतं, रीळ कम्प्युटरवर चढवा, नाहीतर जुन्या रीतीनं कागदावर छापा. मंगरूळच्या फोटोवाल्यानं कम्प्युटरवर चढवली, अन् बुढीच्या कपाळावरचं गोंदणच गायब!

बुढी भडकली, "तुमच्या बाजूले हे कोन बाई?"

मी दुकानात गेलो. "काहून रे, गोंदण कुठं गेलं?"

"काका, मशीनले रिळावरची धूळ वाटली. पुसली तिनं."

"मंग जुन्या रीतीनं छाप."

"फोटो धुवाच्या अंधाऱ्या खोलीत आता झेरॉक्स बसवलं."

"वा रे! रीळ दोन्ही कामाची, तू एकाही कामाचा नाही. अन् मशीन एवढी हुशार, तं माह्या टकलावर केस काहून नाही उगवले?"