दसऱ्याला धुतलेलं इंजिन

"हॅलो?… हो ताई, मीच. बोल… नाही नाही, भाऊजीले निंगू देऊ नको. हो, आज येऊच नका म्हन… अवो, तयार होतं ना! काल सांजेपर्यंत एकदम तयार होतं!"

कैलाशने फोन खांदा आणि गालाच्या मध्ये दाबला होता, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. एका हातात वीतभर लांबीचं रेल्वेचं छोटं इंजिन, दुसऱ्यात बायकोचं केस वाळवायचं मशीन. आंधळगावात पंपाच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेने गुंडाळून देणारा चाळिशीचा माणूस दसऱ्याच्या सकाळी ओसरीवर बसून खेळण्याला गरम वारा घालतोय, हे गल्लीतल्या चार लोकांनी बघितलं होतं आणि हसू दाबायचे कष्ट कोणीच घेतले नव्हते.

"काय झालं म्हनजे? धुतलं… धुतलं वो! पान्यानं! बाबानं… आपल्याच बाबानं, दुसऱ्याचा बाबा कायले येते आपल्या घरी धुवाले? मी दुकानातली हत्यारं पुसून राहिलो होतो पुजेसाठी, अन् इकडे यायनं इंजिन सर्फाच्या बादलीत बुडवलं. मंग काथ्यानं घासलं. मंग नळाखाली धरलं… काहून? म्हने, मशीन धुतल्याबिगर दसऱ्याची पुजा लागत नाही!… हास. हास तू."

रुपाताई नागपूरहून पोटभर हसून घेत होती. तिला काय जातं? हे इंजिन कैलाशने उन्हाळ्यात पुण्याच्या एका माणसाकडून जुनं म्हणून घेतलं होतं. चाकं जाम, मोटर जळलेली. बाबांनी छोट्या, म्हणजे नॅरोगेज लाईनवर एकतीस वर्षं ज्या जातीचं डिझेल इंजिन चालवलं, हुबेहूब तसं ते करायचं होतं. ती लाईन उखडली गेली, इंजिनं कुठे गेली देव जाणे. नागपुरात रेल्वेच्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. ते हे इंजिन काचेच्या कपाटात कायमचं ठेवणार होते, खाली बाबांच्या नावाची पाटी लावून. रविवारी कार्यक्रम होता आणि भाऊजी, योगेंद्रराव, आजच ते घ्यायला येणार होते.

"तांदळात ठेव? ताई, रातभर तांदळातच होतं ते!… हो, डब्यात, पूर्ण दाबून. आता चाकात कनी फसली हाय. सुईनं काढून राहिलो एकेक… अवो आयक ना… हो, हो, तुमच्या शेजारच्याचा मोबाईल झाला असन तांदळात चांगला. हे मोबाईल नाही ना वो!"

उंटावरून शेळ्या हाकायला ताईला लहानपणापासून आवडायचं. कैलाशने मशीन बंद केलं. इतके दिवस मनात साठलेलं सगळं त्याच्या तोंडावर आलं.

"तुले काय सांगू, पाच महिने… पाच महिने मी या मानसाची बोलनी खाऊन राहिलो! केसावानी बारीक तार गुंडाळली, मोटर चालू केली. तं म्हने आवाज असा नव्हता. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून छत केलं. तं म्हने खिडकी दोन सूत वर झाली. काढलं, पुन्हा केलं. रंग चार वेळा, ताई! चार वेळा! लाल लावला तं म्हने विटकरी होता. विटकरी लावला तं म्हने एवढा विटकरी नव्हता… नाही, समोर बसूनच सांगते ना. रोज सांजेले सात वाजले का खुर्ची घेऊन हजर. माह्या डोक्यावर!"

तसं बघितलं तर आई गेल्यापासून या बापलेकांत दिवसाला दोन वाक्यं व्हायची. 'जेवला का' आणि 'दिवा बंद कर'. कैलाश रात्री दहाला दुकानातून यायचा, तोवर बाबा अंथरुणावर पडलेले असायचे. इंजिन आलं आणि तो सातला घरी यायला लागला.

"विसरले असतीन? कोन, बाबा? ताई, त्यायले कोनत्या साली कोनत्या स्टेशनावर गाडी किती मिनिटं लेट होती ते पाठ हाय… मशीन समजत नाही? एकतीस वर्षं इंजिन चालवलं त्यायनं! अवो, पावसाळ्यात ओली मोटर दुकानात आली तं मले हात लावू देत नाही. पहिले वाळव म्हनते. पानी अन् मोटर म्हनजे…"

कैलाशने मान वर करून अंगणाकडे बघितलं.

"…नाही, हाय ना मी. बोल… काय? कवा आला होता फोन?… बाबाचा? तुले?… काय इचारलं त्यायनं?… पुन्हा सांग… इंजिन नागपूरले गेलं का मंग कैलाश पुन्हा दहा वाजेपर्यंत दुकानात बसन का?… असं इचारलं?… मंग तू काय म्हनली?… बरं."

अंगणाच्या टोकाला बाबा पेपर उघडून बसले होते. बऱ्याच वेळात त्यांनी पान उलटलं नव्हतं. कैलाशला त्या म्हाताऱ्याचा राग आला. तोंडाने सांगता येत नव्हतं का? पण मग त्याला वाटलं, आपण तरी कधी विचारलं?

त्याने खाली मान घालून दोन तारा बॅटरीला टेकवल्या. चाकं सुर्रकन फिरली. एकदम झकास.

"हो ताई… हो, चालू झालं… हळू बोल. चालू झालं म्हनून सांगू नको कोनाले." आणि मग त्याने आवाज चढवला, अंगणापलीकडे ऐकू जाईल इतका. "जळली वो ताई, मोटर! पूर्ण जळली! नव्यानं गुंडाळा लागन! दोन-तीन महिने तं कुठे जात नाही!… अवो, येडा नाही झालो. समजून घे ना जरा… भाऊजीले मी बोलतो. पाटी लागन पुढच्या वर्षी… हो, मंडळवाले चिडतीन. चिडू दे."

पेपरचं पान उलटलं. मग पेपर घडी होऊन खुर्चीखाली गेला, आणि खुर्ची फरशीवर घासत ओसरीकडे यायला लागली.

"थांब ताई, बाबा काही म्हनून राहिले… काय बाबा?… भोंगा? भोंग्याले काय झालं?… उजव्या बाजूले होता? तवा काहून नाही सांगतलं?… नाही ताई, तुले नाही… बाबा, कालपर्यंत तं डावीकडेच बरोबर होता ना!… ठेवतो वो ताई, ठेवतो. खोलाच लागते आता हे."